खालचा कप्पा

बाहीच्या बाहेर मनगटाचं हाड दिसलं. एवढंच झालं. सकाळची घाई होती, दूध उतू जायच्या बेतात होतं, नवरा बाथरूममध्ये कुठलंतरी जुनं गाणं चुकीच्या चालीत म्हणत होता, पाण्याच्या बाटलीचं झाकण रोजच्याप्रमाणे गायब होतं, आणि या सगळ्या गोंधळात धाकटीने कोटाचं गळ्याजवळचं बटण लावायला हात वर केले. निळी बाही मागे सरकली. हात वर केला की बाही मागे जाते, त्यात नवल काही नाही. पण हात खाली आले तरी बाही खाली आली नाही. ती अलीकडेच थांबली आणि ते वाटाण्याएवढं गोल हाड, थंडीने लालसर झालेलं, उघड्यावर राहिलं. दुसऱ्या कुणाच्या ते लक्षातही आलं नसतं. पण लोकांच्या बाह्या लांब करणं नि आखूड करणं हाच तिच्या आईचा धंदा होता. बसस्टॉपवरच्या परक्या माणसाची बाहीसुद्धा किती कमी आहे ते तिला नको असताना दिसायचं. तिने गॅस बंद करायला हात पुढे केला आणि बोट पातेल्याच्या कडेला लागलं.

"हात खाली कर," बोट तोंडात धरून ती म्हणाली.

"खालीच आहेत."

"नीट खाली कर."

धाकटीने आईकडे पाहिलं, मग बाहीकडे पाहिलं आणि झटकन मुठी मिटून हात आत ओढून घेतले. "बसतोय," ती म्हणाली. "बघ ना, मोठाच होतोय मला." तिच्या आवाजात घाई होती. न्याहारीचं अंडं तिने मघाशीच बाबाच्या ताटलीत ढकललं होतं आणि बाबाने, "बघ, या घरात बापाची काळजी फक्त एकीला आहे," असं म्हणत ते मिटक्या मारत खाल्लं होतं. गेले कितीतरी दिवस तो असा बक्षिसाचं अंडं खात होता. आता तो केस पुसत बाहेर आला, कोटात मुठी लपवून उभ्या असलेल्या मुलीला त्याने वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "ही काय, पोस्टाची पेटी का?" कुणी हसलं नाही. तो लिफ्ट दुरुस्त करायचा; बंद पडलेल्या पेटीत माणसं घाबरलेली असताना बाहेरून गप्पा मारत राहायची त्याला सवय होती. त्याने धाकटीचा हात धरला, म्हणजे बाही धरली, आणि दोघं जिना उतरून गेली. ती खिडकीतून बघत राहिली. रस्ता ओलांडताना धाकटी जरा विचित्र चालत होती, गुडघे वाकवून, जमिनीलगत. खेळत असेल, असं तिला वाटलं.

कोट मोठीचा होता. मोठी म्हणजे तिची पहिली मुलगी. एका हिवाळ्यात ती तापाने गेली. ताप आला तो सगळ्या मुलांना येतो तसाच आला, आणि उतरला तेव्हा ती नव्हती. शाळेत घालून तिला पुरतं वर्षही झालं नव्हतं. धाकटी तेव्हा पोटात होती. भेटायला येणारी माणसं खुर्चीच्या टोकावर बसायची, चहा निवेपर्यंत जमिनीकडे बघायची आणि जाताना म्हणायची, पोटातल्या जिवाकडे बघ. ती बघत होती. पोटातल्या जिवाला कपडे लागणार, एवढं तिला नीट दिसत होतं. दुसरं काही दिसत नव्हतं म्हणून तिने एके दिवशी मोठीचे सगळे कपडे काढले, धुतले, इस्त्री केले आणि कपाटात लावून ठेवले. वरच्या कप्प्यात टोपडी, लंगोट, बोटभर बाह्यांची झबली. त्याखाली रांगतानाचे. त्याखाली चालायला लागल्यावरचे. अशी एकेक वर्षाची उतरंड, आणि सगळ्यात खाली, जमिनीला टेकलेल्या कप्प्यात, शेवटच्या वर्षाचे: दोन जाड फ्रॉक, गुडघ्याला ठिगळ लावलेली पँट, लोकरीची बंडी आणि हा निळा कोट. हे करताना तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. नणंद दारात उभी राहून बघत होती. ती नवऱ्याला हळूच म्हणाली, "दादा, वहिनीला रडायला लाव रे." तो म्हणाला, "कामात आहे ती, राहू दे."

मग धाकटी आली आणि कपाट वापरात आलं. कुणी काही म्हणालं नाही, कारण म्हणण्यासारखं काही नव्हतं. धाकट्यांनी मोठ्यांचे कपडे घालायचे असतात, घरोघरी तेच चालतं. नवऱ्याने एकदाच तोंड उघडलं, बुटांच्या वेळी. "बूट मी नवे आणणार," तो म्हणाला, "पाय ज्याचे त्याचे." तेवढी एक गोष्ट तिने चालू दिली. नणंदेने वाढदिवसाला पिवळाधमक फ्रॉक आणला होता, छातीवर कापडाची फुलं शिवलेला. "मोठा होतोय," असं नणंदेला सांगून तिने तो कपाटाच्या डोक्यावर ठेवला. नंतर एकदा काढून बघितला तेव्हा तो लहान होत होता. तो अंगाला न लागताच लहान झाला. नणंद पुढच्या वेळी आली तेव्हा खेळणं घेऊन आली, आणि त्या दिवशी तिला नणंदेच्या डोळ्याला डोळा देता आला नाही.

पण खरं सांगायचं तर ती त्या वर्षांत दुःखी नव्हती. लोकांना वाटायचं तशी तर मुळीच नव्हती. धाकटीचं सगळं तिला दोनदा दिसायचं. पहिला दात, पहिलं पाऊल, भिंतीवर पहिली रेघोटी, सगळं आधी एकदा झालेलं होतं आणि आता पुन्हा होत होतं, आणि पुन्हा होताना ते थोडंफार त्याच जागी व्हायचं. बाकीच्या आया रात्रंदिवस काळजीत असतात, पुढे काय वाढून ठेवलंय कुणाला माहीत. तिला मात्र माहीत होतं. फ्रॉकवर जांभळा डाग होता, म्हणजे आता ही शाईच्या बाटलीशी खेळणार. पँटच्या गुडघ्याला ठिगळ होतं, म्हणजे आता ही पडणार. आणि धाकटी खरंच पडली तेव्हा तिला भीती वाटण्याऐवजी बरं वाटलं होतं. सगळं कसं ठरल्याप्रमाणे चाललंय. जोवर खालच्या कप्प्यात कपडे आहेत तोवर हिला काही होत नाही, असा हिशेब तिने कधी शब्दांत मांडला नव्हता, पण तो तिच्या हाडीमांसी खिळलेला होता. पोर वर वाढत होती आणि कपाटात एकेक कप्पा खाली उतरत होती. "चल, हा कप्पा संपला," ती दर वेळी म्हणायची, "आता ताईच्या खालच्या कप्प्यात." ताई. मोठीचं घरातलं नाव वेगळंच होतं, पण ती गेल्यापासून ते कुणी उच्चारलं नव्हतं. धाकटीपुढे म्हणून ताई, आणि मग धाकटी झोपल्यावर आपसांतही ताईच. आपल्याच लेकीला तिचे आईबाप ताई म्हणत होते, आणि यात काही चुकतंय असं दोघांनाही वाटलं नव्हतं.

ती कामावर पोचली तेव्हा उशीर झाला होता. कपड्यांच्या मोठ्या दुकानामागे, कचऱ्याच्या पिंपांशेजारच्या दाराने आत गेलं की त्यांची खोली. दोन यंत्रं, एक लांबडं टेबल, वाफेच्या इस्त्रीचा ओला वास, आणि दिवसाउजेडीही जळणारी ट्यूब. इथे नवं काही शिवायचं नसतं. लोकांनी समोर विकत घेतलेलं मागे आणायचं, उसवायचं, दुमडायचं, पुन्हा जोडायचं. पूर्वी ती घरी मुलांचे कपडे शिवायची आणि चांगलं शिवायची; आसपासच्या चार रस्त्यांवरची पोरं तिच्या हातचं घालून हिंडायची. मोठीच्या नंतर तिने कोऱ्या कापडाला कात्री लावली नव्हती. लावताच येत नव्हती. पसरलेल्या कापडासमोर खडू घेऊन उभं राहिलं की माप कुणाचं घ्यायचं तेच आठवायचं नाही. उसवायला मात्र माप लागत नाही. टाका सापडला की झालं.

"आज कोणाचं तोंड बघून आलीस?" समोरची बाई म्हणाली. ती काज करायची, म्हणून तिला सगळे काजवालीच म्हणत. तिची जीभ यंत्राच्या बरोबरीने चालायची.

"धाकटीचा कोट आखूड झाला."

"अगंबाई! मग चांगलंच की. पोरं वाढली नाहीत तर आपण दोघींनी खायचं काय?"

काजवाली स्वतःच्याच विनोदावर खूप वेळ हसली. तीही ओठ ताणून हसली. त्यात वाईट काही नव्हतं, काजवालीला सगळं ठाऊक होतं, आणि ठाऊक असून ती असं बोलायची म्हणूनच तिच्यासमोर बसवत होतं. पण दोरा ओवताना तिच्या मनात आलं, या बाईला कळलं नाही. कोट आखूड झाला म्हणजे काय झालं, ते हिला कळलं नाही. हा कोट ती शिवत होती तेव्हा मोठी टेबलावर बसून पाय हलवत होती. टाचा टेबलाच्या फळीवर आपटायच्या, ठक्, ठक्, आणि सुई हलायची. "झालं? झालं का गं?" "पाय थांबव म्हणजे होईल." खाली चार बोटं दुमड घेतली होती, बाह्यांना कापड पुरलं नव्हतं म्हणून जेमतेम अर्धं बोट. वाढत्या अंगाचं शिवायचं तर आत कापडाची माया भरपूर ठेवायची, म्हणजे पुढच्या हिवाळ्यात सोडता येतं. मोठीने तो कोट एक हिवाळासुद्धा पुरता वापरला नाही. ती दुमड तशीच होती. धाकटीला तो गेल्या वर्षी लोंबत होता, यंदा बसला, आणि आता आखूड झाला. उसवून सोडायचा, दहा मिनिटांचं काम. दिवसभर ती दुसरं करत काय होती? पण ती दुमड मोठीची होती. तिने न वाढता मागे ठेवलेली उंची होती ती, चार बोटं. ती सोडली की मोठीचं काही शिल्लक राहत नव्हतं. आणि त्याच्या पुढे, मनाच्या अगदी खाली, जिथे ती सहसा हात घालत नसे, तिथे आणखी एक गोष्ट होती: याच्यानंतर काय होतं ते मला माहीत नाही. इथून पुढे मी या मुलीची आई कधी झालेलीच नाही.

दुपारी एक गिऱ्हाईक मुलाला घेऊन मागेच आलं. नऊ-दहा वर्षांचा पोरगा, स्टुलावर उभा, हातात अर्धा खाल्लेला पाव. पँट घोट्याच्या चांगली वर. "बघा ना," त्याची आई म्हणाली, "आत्ता घेतली होती. मेला नुसता ताडमाड वाढतोय. घरात फडताळात काही शिल्लक ठेवत नाही." तक्रार करताना बाईचा चेहरा आनंदाने फुलला होता. टेबलामागून उठून ती गुडघ्यावर बसली, पोराच्या पँटची कड उलटली. आत काहीच नव्हतं, अर्धं बोटही नाही. रेडीमेडला कुठली आली माया.

"यात सोडण्यासारखं काही नाही," ती म्हणाली.

"मग?"

"मग नवीच."

"घेऊ मग नवी. चल रे, खाली उतर, पाव सांडतोयस," आणि बाई पोराला ओढत पुढच्या दाराने दुकानात गेली. इतकं सोपं होतं ते. ती तशीच जमिनीवर गुडघे टेकून राहिली. स्टुलावर पावाचा चुरा पडला होता. तिने तो बोटाने गोळा केला, आणि उगाचच, रागाने, मुठीत दाबला. एवढंसं पाऊल टाकून लोक पलीकडे जातात आणि पलीकडे दुकान असतं, शेकडो कपडे टांगलेले असतात, हव्या त्या मापाचे. तिच्या कपाटाला पलीकडेच नव्हतं.

शाळा सुटायच्या वेळी ती फाटकाशी उभी होती. मुलं बाहेर सांडली. धाकटी सगळ्यांच्या मागून आली, हात बाह्यांत, गुडघे वाकलेले. तिच्याबरोबर वर्गाच्या बाई होत्या. तरुण होत्या, बोलताना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"जरा बोलायचं होतं. तुम्ही घाबरू नका."

असं म्हटलं की माणूस काय करणार? तिचा हात आधी धाकटीच्या कपाळाकडे गेला. कपाळ थंड होतं.

"ती डबा खात नाही हो. रोज शेजारच्या मुलांना वाटून टाकते. आधी मला वाटलं, मनाची मोठी आहे. पण आज खेळाच्या तासाला मधेच खाली बसली, डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणाली. तेव्हा मी तिला बिस्किट दिलं तर तेही नको. घरी जेवते ना नीट?"

"जेवते," ती म्हणाली. आणि म्हणता म्हणता तिला ताटलीत ढकललेलं अंडं आठवलं, पोट दुखतंय म्हणून ठेवून दिलेला भात आठवला, बेसिनमध्ये दुधाचा पांढरा ओघळ दिसला होता आणि तिने नवऱ्याला बोल लावला होता, तो आठवला. सगळं तिच्या डोळ्यांसमोर घडलं होतं. सकाळी बोटभर बाही कमी दिसते आणि हे दिसत नाही. तिचे कान तापले. "मी बघते," ती म्हणाली, "बघते मी," आणि धाकटीचा हात बाहीतून बाहेर ओढून घट्ट धरला. पंजा गार पडला होता. वाटेत ती भराभर चालत राहिली. बोलली असती तर ओरडली असती. मोठीही शेवटी शेवटी खात नव्हती; चमचा ओठांशी नेला की मान वळवायची. पण तो आजार होता. आणि हे काय होतं? कपाळ थंड होतं, घसा लाल नव्हता, डोळे स्वच्छ होते. तरीही तिने धाकटीचा हात आणखी आवळला, कारण वेळ तीच होती. कोट संपायची वेळ. ठरल्याप्रमाणे चाललंय सगळं, याचंच तिला बरं वाटायचं, आणि तेच आता तिच्या मागे लागलं होतं. एका दुकानाच्या काचेत तिने दोघींना चालताना पाहिलं. काचेतली मुलगी मोठीच होती, तोच कोट, तीच कॉलर, आणि तिच्या हाताला धरून एक बाई तिला ओढत कुठेतरी नेत होती. ती थांबली. धाकटीही थांबली आणि काचेत बघत म्हणाली, "आई, मी बुटकी दिसते ना?" तिने आशेने विचारलं होतं.

घरी आल्यावर तिने दूध तापवलं नाही, दिवा लावला नाही. कोट काढून टेबलावर उलटा पसरला, खिडकीच्या उजेडात. ब्लेड घेतलं. या बाबतीत तरी आपले हात ठीक आहेत, हातांना काम दिलं की डोकं ताळ्यावर येईल, असं तिला वाटलं असावं. खालच्या कडेला तिचीच तुरपाई होती, बारीक, तिरकी. पहिला टाका कापला. मग दोरा ओढला आणि तो सर्रकन निघत गेला. इतकी वर्षं धरून ठेवलेला दोरा, निघताना काहीच वेळ घेतला नाही त्याने. दुमड उलगडली. आतलं कापड गडद निळं होतं, अगदी कोरं, दुकानातून आणलं त्या दिवशीचं. त्याला ऊन लागलं नव्हतं, पाणी लागलं नव्हतं. बाकीचा कोट त्याच्या शेजारी किती विटला होता ते आत्ता कळत होतं. घडीवर तिने तेव्हा ओढलेली खडूची रेघ अजून होती. तिने त्या रेघेवर बोट ठेवलं, आणि ठक् ठक् अशा टाचा तिला ऐकू आल्या. खरोखर ऐकू आल्या. वर कुणीतरी खिळा ठोकत असेल. ती टेबलाची कड धरून थांबली, आणि तिला रडू आलं, वेडंवाकडं, आवाज करणारं.

"नको सोडूस!"

धाकटी दारात उभी होती. धावत येऊन तिने कोटाची बाही दोन्ही हातांनी कवटाळली. "आई, नको ना सोडू! मला बसतोय! मी बसवते!"

"अगं, आखूड झालाय. सोडला की—"

"सोडलास तर मग संपणार ना! मग काही नाही उरणार!"

"काय नाही उरणार?"

"कप्प्यात. मी बघितलं. नुसता कागद आहे खाली."

आईने नाक पुसलं. स्टूल पुढे ओढून खाली बसली, म्हणजे दोघींचे चेहरे समोरासमोर आले. धाकटीचा चेहरा बारीक झाला होता. गालांवरचं लोणी उतरलं होतं. "कप्पा संपला तर काय होतं?" तिने विचारलं, आणि विचारतानाच उत्तर कुठूनतरी जिना चढत येतंय असं तिला वाटलं.

"मग आपण पण संपतो," धाकटी म्हणाली. हे तिने समजावून सांगितलं, आई आज जरा मंदबुद्धीसारखं करतेय म्हणून. "ताई कशी संपली. ताईचे कपडे संपले मग ताई संपली. तूच म्हणालीस."

"मी? मी कधी म्हणाले?"

"कोट काढला तेव्हा. मी म्हटलं, या कप्प्याच्या नंतर काय? तू म्हणालीस, नंतर काही नाही. मी म्हटलं, ताईचं पण नव्हतं? तू म्हणालीस, नाही, तिथे संपलं."

आणि तिला आठवलं. यंदाची थंडी पडायला लागली होती, ती जमिनीवर बसून धाकटीच्या खांद्याला कोट टाचत होती, ओठांत टाचण्या धरल्या होत्या. ओठांत टाचण्या असल्या की माणूस थोडकंच बोलतं. नंतर काही नाही. तिथे संपलं. खरंच तर बोलली होती ती. तिलाही आतून तेच वाटत होतं, तोच हिशेब. पाच वर्षांच्या पोरीने तो फक्त मोठ्याने केला होता आणि त्यावर उपाय शोधला होता. वाढायचंच नाही. वाढलं नाही की कोट पुरतो. म्हणून खायचं नाही. म्हणून गुडघे वाकवून चालायचं. अंडं बाबाला, डबा शेजारच्याला, दूध बेसिनला. एवढ्याशा जिवाने एकटीने हे सगळं पार पाडलं होतं, कुणाला न सांगता, आणि आई तिला घट्ट धरून त्याच कपाटातून एकेक पायरी खाली उतरवत होती.

"इकडे ये," ती म्हणाली. "ऐक. ताई आजारी पडली. खूप आजारी. म्हणून ती गेली. कपड्यांनी कुणी जात नाही."

"मग तिचे पुढचे कपडे कुठे आहेत?"

"मी शिवलेच नाहीत. ती नव्हती ना घालायला."

"आणि माझे?"

माझे. हा प्रश्न तिला इतक्या वर्षांत कुणी विचारला नव्हता, आणि तिने स्वतःलाही विचारला नव्हता. ही मुलगी जन्मल्यापासून दुसरीच्या मापात राहत होती. तिने कोट उचलला. बाह्याही उसवल्या, होतं नव्हतं तेवढं कापड सोडलं आणि धाकटीच्या अंगात तो घातला. खाली गडद निळ्या पट्टीचा घेर आला. कोट खाली पुरला. बाह्या नाही पुरल्या. मोठीसाठी राखून ठेवलेलं सगळं देऊन झालं तरी मनगटाचं हाड बाहेरच राहिलं, आणि खांद्यातही कापड ओढत होतं. धाकटीने सवयीने मुठी आत घ्यायला सुरुवात केली.

"राहू दे," ती म्हणाली. "काढ तो. भिंतीला पाठ लाव."

मापाची टेप खणात होती, गुंडाळून, रबर लावून. रबर ताणलं तर तुटलं, इतकं जुनं झालं होतं. धाकटी भिंतीला टेकून उभी राहिली, गुडघे वाकलेलेच. आईने त्या गुडघ्यांवर तळहात ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. "सरळ उभी राहा, माझ्या बाये. जेवढी आहेस तेवढी." गुडघे हळूहळू सरळ झाले, पाठ भिंतीवरून वर सरकली, मान ताठ झाली, आणि ती केवढी होती! टाचेपासून डोक्यापर्यंत टेप नेताना तिचा हात जुन्या सवयीने एका ठिकाणी थांबू पाहत होता, त्या जागी जिथे मोठीचं डोकं यायचं. तिथे आता धाकटीची भुवई होती. हात वर गेला. पुढे गेला.

"ताईएवढी?" धाकटीने श्वास रोखून विचारलं.

"ताईपेक्षा जास्त."

"मी ताईपेक्षा मोठी?"

"हो."

धाकटीने विचार केला. भिंतीला टेकूनच, डोळे वर करून. काही होतंय का याची ती वाट बघत असावी. काही झालं नाही. वरच्या मजल्यावरचा खिळा ठोकून झाला होता. "मग ती माझी ताई कशी?" ती म्हणाली. "मी मोठी ना आता. ती लहान. तिचं नाव काय होतं?"

तिने तोंड उघडलं. मग ते नाव निघालं, जरा घोगरं, पण निघालं. "बबडी."

"बबडी," धाकटी म्हणाली, आणि हसली, लहान मुलांच्या नावाला हसतात तशी. तिने जमिनीवरचा कोट उचलला, त्याची बटणं एकेक करून लावली, जीभ बाहेर काढून, अगदी गळ्यापर्यंत, आणि तो खुर्चीच्या पाठीवर नीट बसवला. बाह्या खाली सोडल्या. "हा बबडीला असू दे," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, जणू काही विशेष नाही अशा सुरात, "आई, भूक लागली."

तिने दिवा लावला. पाव कापला, लोणी लावलं, अंडं उकडलं, दूध तापवलं. हातातून चमचा पडला, पुन्हा पडला. धाकटी टेबलापाशी उभी राहूनच खात होती, दोन्ही हातांनी, बसायला तिला धीर नव्हता. मनगटं उघडी होती. अंडं गेलं, पाव गेला, दुसरा पाव गेला, ओठांवर दुधाची मिशी आली. जिन्यात नवऱ्याची पावलं वाजली, तेच गाणं, तीच चुकीची चाल. शेवटचा तुकडा उचलून धाकटी मधेच थांबली. तिने खुर्चीवरच्या कोटाकडे पाहिलं, मग हातातल्या पावाकडे.

"बबडीला ठेवू?"

तिनेही कोटाकडे पाहिलं. त्याची गडद निळी किनार दिव्यात चमकत होती, नवीकोरी.

"नको," ती म्हणाली. "तू खा."